न्यूमेरिकल ॲनालिसिसवाले आहेत का इथे कुणी? बातम्या, परिषदा, जागा, सगळं इथे टाका

बार्शीलाईट (धागाकर्ती), रवि. रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. डिसेंबरात गावी गेले होते तेव्हा जुन्या कॉलेजातल्या सरांनी धरून एमएस्सीच्या वर्गात उभं केलं. पंचवीसेक मुलं, त्यात मुलीच जास्त. पुढे काय करणार विचारलं तर बी.एड., एमपीएससी, बँकेच्या परीक्षा. न्यूटन-रॅफसन (समीकरणाचं उत्तर पायरीपायरीने जवळ आणायची पद्धत) सगळ्यांना तोंडपाठ, कॅल्क्युलेटरवर चार डेसिमलपर्यंत धडाधड काढतात, पण या विषयात लोक आयुष्य काढतात, त्याच्या परिषदा भरतात, पगार देऊन पीएचडीला घेतात हे वर्गात एकीलाही माहीत नव्हतं. मलाही त्या वयात नव्हतंच, एका सीनियरने हॉस्टेलच्या मेसमध्ये सहज सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर मी आज कुठेतरी तलाठी असते (वाईट नाही ते, पण मी वाईट तलाठी झाले असते).

तर हा धागा त्यासाठी. मी सध्या जर्मनीत पोस्टडॉक करते, मॅट्रिक्सवाली आहे, म्हणजे न्यूमेरिकल लिनियर अल्जिब्रा. मला जे माहीत आहे ते टाकते, बाकीच्यांनी भर घाला.

आधी मोठ्या गोष्टी. २०२६ च्या जुलैत २३ ते ३० फिलाडेल्फियाला आयसीएम, चार वर्षांनी भरणारा गणितज्ञांचा कुंभमेळा, २०१० ला आपल्या हैदराबादला भरला होता तोच. पण आपल्या लोकांचा, म्हणजे उपयोजित गणितवाल्यांचा, खरा मेळा म्हणजे आयसीआयएएम, तोही चार वर्षांनी, २०२३ ला टोकियोत झाला आणि पुढचा २०२७ ला नेदरलँड्समध्ये द हेगला. ज्यांची पीएचडी आत्ता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात आहे त्यांनी तो आत्तापासून डोक्यात ठेवा, कारण मिनिसिंपोझियम म्हणून जो प्रकार असतो त्यात कुणीतरी तुम्हाला बोलवावं लागतं, आणि ते बोलावणं आधीच्या लहान परिषदांमध्ये चहा पिताना ठरतं.

लहान म्हणजे कुठल्या? ग्लासगोला स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात दर विषम वर्षी जूनमध्ये न्यूमेरिकल ॲनालिसिसची परिषद असते, ती आधी कित्येक वर्षं डंडीला व्हायची, जुने लोक अजून तिला डंडीच म्हणतात. युरोपात एनुमॅथ, दोन वर्षांनी. आणि मॅट्रिक्सवाल्यांसाठी हाउसहोल्डर सिंपोझियम, दर तीन वर्षांनी, १९६१ ला टेनेसीतल्या गॅटलिनबर्ग गावी सुरू झालं, २०२५ ला कॉर्नेलला झालं. तिथे नुसती फी भरून जाता येत नाही, अर्ज करायचा आणि त्यांनी बोलवायचं. माझा पहिला अर्ज सपशेल नाकारला गेला होता, सांगून ठेवते.

आणि आत्ता, म्हणजे अक्षरशः या आठवड्यात बघण्यासारखं: जीन गोलब सियाम समर स्कूल (सियाम ही उपयोजित गणितवाल्यांची अमेरिकन संस्था). अर्ज साधारण वर्षाच्या सुरुवातीला असतात. गोलब हा स्टॅनफर्डचा माणूस, गाडीच्या नंबरप्लेटवर ‘प्रोफ एसव्हीडी’ लावून फिरायचा (एसव्हीडी म्हणजे मॅट्रिक्स फोडायची एक पद्धत), २००७ ला गेला आणि जाताना सियामला पैसे ठेवून गेला. त्यातून २०१० पासून जवळपास दरवर्षी वेगळ्या विषयावर ही शाळा भरते. पीएचडीच्या मुलांसाठी आहे. जरूर भरा.

तिरपा_डोळा, रवि. रात्री ११:५८

वाचतोय. एक भाबडा प्रश्न. एआय सगळं सोडवायला लागल्यावर न्यूमेरिकल ॲनालिसिसवाले काय करणार? पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निवृत्त_रोखपाल, सोम. सकाळी ६:१०

मला यातलं काही कळत नाही पण धागा वाचला. ताई, न्यूमेरिकल ॲनालिसिस म्हणजे नेमकं काय हो? आम्ही बँकेत ३४ वर्षं आकडेच मोजले. संध्याकाळी टॅली लागली नाही तर फरक सापडेपर्यंत घरी जायचं नाही, मग तो एक पैशाचा का असेना. एकदा अठरा पैशांसाठी रात्री साडेदहापर्यंत बसलोय, बायकोने डबा शेजारच्या मुलाबरोबर पाठवला. तसंच काहीसं का?

बार्शीलाईट, सोम. दुपारी १:१५

काका, थोडंफार तसंच, आणि थोडं नाही पण.

कॉम्प्युटरजवळ जागा मोजकी असते, प्रत्येक आकडा साधारण सोळा अंकांवर कापला जातो. ०.१ हा साधा आकडासुद्धा बायनरीत पूर्ण मावत नाही. पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. हा तुमचा अठरा पैशांचा फरक. आता असे कोट्यवधी हिशोब एकापुढे एक झाले की फरक साचतो का विरतो, हा आमचा एक प्रश्न. व्हँकुव्हरच्या शेअर बाजारात जानेवारी १९८२ ला नवा निर्देशांक १००० वर सुरू केला, प्रत्येक व्यवहारानंतर नव्याने काढायचा आणि तिसऱ्या दशांशापुढचं कापून टाकायचं. गोल करायचं नाही, कापायचं. म्हणजे चूक कायम खालच्याच बाजूला. दिवसाला तीनेक हजार वेळा. बावीस महिन्यांनी निर्देशांक ५२४.८११ दाखवत होता, नीट मोजल्यावर निघाला १०९८.८९२. बाजार चढत होता आणि फळ्यावर निम्मा!

पण कॉलेजात जसं शिकवतात तसं हे नुसतं राउंडिंगचं शास्त्र नाही. निक ट्रेफेथन या आमच्यातल्याच मोठ्या माणसाने १९९२ ला यावर लेख लिहून चांगलंच झापलं होतं. त्याचं म्हणणं, आपला विषय म्हणजे सलग बदलणाऱ्या गोष्टींच्या गणितासाठी, हवा, पाणी, उष्णता, ताण वगैरे, अल्गोरिदम शोधणं आणि ते का चालतात हे समजून घेणं. राउंडिंग हा त्यातला एक कटकट्या पाहुणा. तो ट्रेफेथन ऑक्सफर्डला होता, २०२३ ला हार्वर्डला गेला, ही बातमीतच मोडते.

पाषाणरोड, सोम. रात्री ९:०५

पुण्यातून हजेरी. हवामानाच्या मॉडेलवर काम करतो, म्हणून तिरप्या डोळ्यांना थोडं उत्तर देतो.

मे २०२५ पासून भारत फोरकास्ट सिस्टीम चालू झाली, पुण्याच्या आयआयटीएममध्ये तयार झालेली (ही पाषाणची हवामानवाली आयआयटीएम, मद्रासची नाही, दर वेळी सांगावं लागतं). आधी अंदाजाचं जाळं १२ किलोमीटरचं होतं, म्हणजे साधारण दर १२ किलोमीटरला हिशोबाचा एक ठिपका, आता ६. पेपरात बातमी आली ‘दुप्पट अचूक’ वगैरे. ते सोडा. गंमत अशी की जाळं दोन्ही दिशांनी निम्मं केलं की ठिपके चौपट होतात, आणि साध्या पद्धतीत वेळेचं पाऊलही निम्म्या लांबीचं करावं लागतं, नाहीतर मॉडेल फुटतं, आकडे वेडेवाकडे उधळतात. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ लाच हे लिहून ठेवलंय, कॉम्प्युटर नव्हते तेव्हा! म्हणजे काम आठपट. अर्का नावाचा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा सुपरकॉम्प्युटर सप्टेंबर २०२४ ला आला तो यासाठीच, पण नुसत्या मशीनने भागत नाही. वेळेचं पाऊल मोठं ठेवूनही न फुटणाऱ्या पद्धती लागतात, आणि जाळंही असं लागतं की ध्रुवांपाशी ठिपक्यांची चेंगराचेंगरी होऊ नये. अक्षांश-रेखांशाचं साधं जाळं घेतलं की सगळ्या रेखा ध्रुवावर येऊन आदळतात, तुळशीबागेत दिवाळीच्या आदल्या रविवारी जशी माणसं आदळतात तशी. म्हणून नवीन मॉडेलमध्ये त्रिकोणी-अष्टफलकी प्रकारचं जाळं घेतलंय.

हे सगळं न्यूमेरिकल ॲनालिसिसच आहे. आणि जागा? गणितातली एमएस्सी करून आलेली मुलं आमच्याकडे कमी येतात, सगळे फिजिक्स आणि इंजिनिअरिंगचे. जेआरएफच्या (पीएचडीच्या फेलोशिपच्या) जाहिराती निघतात तेव्हा गणितवाल्यांनी बिचकू नये. फोरट्रान बघून रडायचं नाही एवढीच अट.

घाटावरचा, सोम. रात्री ११:३०

मी हिंजवडीत मशीन लर्निंगमध्ये. तिरप्या डोळ्यांचा प्रश्न मलाही दोन वर्षांपूर्वी पडला असता, आता उलटं झालंय. मोठी मॉडेल ट्रेन करताना आम्ही सोळा बिटी, आता तर आठ बिटी आकडे वापरतो. म्हणजे काकांच्या भाषेत पैसे सोडाच, रुपयेसुद्धा लिहायचे नाहीत, दहाच्या नोटेखाली व्यवहारच नाही. आणि तरी टॅली लागली पाहिजे! कुठल्या बेरजेत जास्त अंक ठेवायचे आणि कुठे कमी चालतील, हा शुद्ध तुमच्या लोकांचा विषय. मी हायमचं ‘अचूकता आणि स्थिरता’वालं पुस्तक चाळीशीत वाचायला घेतलंय.

बार्शीलाईट, मंगळ. सकाळी ११:२०

@घाटावरचा अगदी. निक हायम जानेवारी २०२४ ला गेला, ६२ वर्षांचा होता. मँचेस्टरचा. मी त्याला एकदाच भेटले, पोस्टरपाशी. पोस्टर म्हणजे माझं पहिलंवहिलं, आईने जुन्या जीन्सच्या कापडाची लांब पिशवी शिवून दिली होती नळी ठेवायला, मुंबई विमानतळावर दोनदा उघडायला लावली. तो पोस्टर वाचत उभा राहिला आणि खालच्या कोपऱ्यातल्या आलेखाकडे बोट दाखवून शांतपणे विचारलं की ही रेघ इथे सपाट का झाली. मला माहीत नव्हतं. नंतरचं दीड वर्ष त्याच रेघेत गेलं आणि तेच माझ्या थिसिसचं तिसरं प्रकरण झालं.

आता तुमच्या एआयचीच ताजी गंमत सांगते. २०२४ च्या शेवटी म्युऑन नावाचा ऑप्टिमायझर (मॉडेलमधले आकडे पावलापावलाने सुधारायची पद्धत) आला, मोठमोठी मॉडेल त्यावर ट्रेन होतायत. तो करतो काय, तर ग्रेडियंटचा (कुठल्या दिशेने सुधारायचं ते सांगणारा) मॅट्रिक्स घ्यायचा आणि त्याच्या सगळ्या सिंग्युलर व्हॅल्यू, म्हणजे प्रत्येक दिशेचा जोर, एकाच्या जवळपास आणायच्या, म्हणजे जी दिशा फार ओरडतेय तिला गप्प करायचं आणि जी कुजबुजतेय तिला माइक द्यायचा. सरळ एसव्हीडी काढली तर जीपीयूवर फार वेळ जातो. म्हणून न्यूटन-शुल्झ नावाची जुनी पुनरावृत्ती वापरतात, नुसते गुणाकार, पाचेक पावलं, तेही सोळा बिटांत. हे पोलर डीकंपोझिशन, म्हणजे मॅट्रिक्समधलं फिरवणं आणि ताणणं वेगळं करणं! हायमने आयुष्य घातलं त्यात. आणि लगेच २०२५ ला आपल्या लोकांनी दाखवलं की त्या पाच पावलांतली बहुपदं दर पावलाला याहून चांगली निवडता येतात. कित्येक वर्षं हा विषय वीसेक माणसांचा होता, परिषदेत शुक्रवारी दुपारी शेवटच्या सेशनला टाकायचे. आता उभं राहायला जागा नसते.

तिरपा_डोळा, मंगळ. दुपारी १२:०२

बरं. पॉपकॉर्न संपले. माघार घेतो, पण अर्धीच.

सौ_गुणिले_सौ, मंगळ. रात्री १०:४५

मराठवाड्यात सीनियर कॉलेजला गणित शिकवतो. धागा छान, पण एक खदखद आहे ती ओकतोच. आमच्याकडे न्यूमेरिकल ॲनालिसिसचा पेपर म्हणजे मार्क मिळवायचा पेपर. प्रॅक्टिकल म्हणून वहीत टेबल काढायचं, लाल पेनाने चौकट, उत्तर चार डेसिमल. लॅबला कॉम्प्युटर १६, चालू ७. शुद्ध गणितवाले आमच्याकडे ‘हे काय गणित आहे का’ म्हणून बघतात, इंजिनिअरिंगवाले ‘मॅटलॅबमध्ये एक कमांड आहे’ म्हणून हसतात. मधल्या मधे विषय मेला. मी स्वतः पीएचडी करताना फेलोशिप आठ महिने अडकली होती, कुठे ते सांगत नाही, घरून पैसे घेऊन संसार चालवला. मुलांना या रस्त्याला लावताना हात थरथरतो हो.

बार्शीलाईट, बुध. सकाळी ९:५०

सर, हे खरं आहे आणि मी त्यावर गुळमुळीत काही बोलणार नाही. अडकते फेलोशिप. आकडा ऐकायला बरा आहे, जेआरएफ २०२३ पासून महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफ (तीच फेलोशिप, वरची पायरी) ४२,०००, पण हातात कधी पडेल ते विचारू नका. मुलांना हेही सांगून टाकायचं, चारपाच महिन्यांची गंगाजळी ठेवा म्हणावं.

पण लॅब नसली तरी करण्यासारखं बरंच आहे. सायलॅब म्हणजे मॅटलॅबसारखं फुकट सॉफ्टवेअर, आयआयटी मुंबईचे त्याचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतसुद्धा आहेत, तेही फुकट, साध्या लॅपटॉपवर चालतं. एनपीटेलवर (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) आयआयटी मुंबईच्याच रेखा कुलकर्णी मॅडमचा ‘एलिमेंटरी न्यूमेरिकल ॲनालिसिस’ आहे, सावकाश, एकही पायरी न गाळता, मी अजून मधे मधे लावते. मुलांना एमटीटीएसला पाठवा, गणिताचं शिबिर आहे, ते १९९३ पासून उन्हाळ्यात चालतं. मग पीएचडीला लागले की नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या एटीएम शाळा. निवड झाली की राहणं-जेवण आणि रेल्वेचं भाडं त्यांच्याकडून. मी एमटीटीएसला गेले तेव्हा रिझर्व्हेशन कन्फर्म नव्हतं, दाराशी पेपर टाकून गेले, पण परत आले ती वेगळीच होऊन आले.

आणि सियामचं विद्यार्थी सदस्यत्व. तुमची संस्था सदस्य असेल तर मुलांना फुकट, नसेल तर एखाद्या रीतसर सदस्याने नाव सुचवलं तरी फुकट, एकेकाला दोन नावं सुचवता येतात. माझी दोन यंदा शिल्लक आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

डेल्फ्टवासी, गुरु. रात्री १:३०

हेगच्या शेजारीच राहतो, २०२७ ला येणाऱ्यांना पोहे माझ्याकडून. (दहा जणांपर्यंत. ११ वा आला तर उपमा.)

युरोपातल्या जागांबद्दल दोन गोष्टी. इथे पीएचडी म्हणजे नोकरी असते, करार, पगार, सुट्ट्या, पेन्शनची कपात सगळं. जर्मनीत जाहिरातीत ई१३ (पगाराची श्रेणी) दिसेल आणि पुढे ७५ टक्के किंवा १०० टक्के, तो टक्का म्हणजे पगाराचा हिस्सा, काम शंभर टक्केच असतं हे वेगळं सांगायला नको. मारी क्युरी डॉक्टोरल नेटवर्क (युरोपियन युनियनच्या पैशातल्या पीएचडीच्या जागा) नीट बघा, पैसे चांगले आणि दोनतीन देशांत फिरायला मिळतं, पण एक अट लोक विसरतात: ज्या देशात जायचंय तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेले नसाल तरच चालतं. माझ्या ओळखीतला एक जण जर्मनीत मास्टर्स करून तिथल्याच जागेला अर्ज करून बसला, नियमातच बसत नव्हता, दोन आठवडे वाया.

आणि वेळ! ‘१७:०० ब्रसेल्स’ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. काही ठिकाणी ‘एनिव्हेअर ऑन अर्थ’ लिहितात, म्हणजे पृथ्वीवर कुठेतरी अजून ती तारीख असेपर्यंत, ते भारतात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचपर्यंत. पण त्या भरवशावर राहणारे सव्वापाचला पीडीएफ जोडत बसतात आणि लाइट जाते.

पाषाणरोड, गुरु. सकाळी ८:१५

अवांतर: अमेरिकेतल्या राष्ट्रीय प्रयोगशाळांत पोस्टडॉकच्या फेलोशिप आपल्याच विषयातल्या मोठ्यांच्या नावाने आहेत, अरगॉनला विल्किन्सन, ओक रिजला हाउसहोल्डर. स्पर्धा तगडी आहे. काही लॅबमध्ये नागरिकत्वाचा मुद्दा येतो, जाहिरातीतलं बारीक अक्षर आधी वाचा.

अति अवांतर: आपल्या माणसांची नावं पण घ्या की. नरेंद्र करमरकर, आयआयटी मुंबईचे, १९८४ ला बेल लॅब्समध्ये असताना लिनियर प्रोग्रॅमिंगची (अटींमध्ये राहून सगळ्यात फायद्याचं उत्तर शोधायची) नवी पद्धत काढली. पुढे त्याच्या पेटंटवरून केवढा धुरळा.

बार्शीलाईट, गुरु. दुपारी २:००

हो, आणि दोनच वर्षांत लोकांनी दाखवलं की ती पद्धत आणि जुनी बॅरियर पद्धत आतून एकमेकींच्या बहिणी आहेत. पण त्या धुरळ्यामुळेच इंटीरियर पॉइंटचा, म्हणजे अशा पद्धतींचा, अख्खा विषय जागा झाला, हे श्रेय कुणी काढून घेऊ शकत नाही.

माझं आवडतं नाव मात्र दामोदर कोसंबी. इतिहासवाले त्यांना आपला समजतात. १९४३ ला, फर्ग्युसनला शिकवत असताना, त्यांनी एक पेपर लिहिला ज्यातली कल्पना आज कारहुनेन-लोएव या नावाने जगभर वापरतात. त्या दोघांचं काम १९४७-४८ चं. मी ज्या ग्रुपमध्ये आहे तिथे रोज सकाळ-संध्याकाळ पीओडी चालतं, म्हणजे लाखो आकड्यांचं सिम्युलेशन वीस-तीस आकड्यांत गुंडाळणं, ते त्याच कल्पनेवर. परवा मीटिंगमध्ये मी स्लाइडवर कोसंबी हे नाव सगळ्यात आधी टाकलं. एकाने विचारलं, हा कोण? म्हटलं गोव्याचा, डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईला टीआयएफआरला जायचा. डेक्कन क्वीन काय ते समजावण्यातच मीटिंग संपली.

वाशिष्ठी, गुरु. रात्री १०:२०

नमस्कार, मी आयडी या धाग्यासाठीच काढलाय. एमएस्सी भाग २, कोकणातलं कॉलेज. बार्शीलाईट ताई, मला एका प्रोजेक्टच्या जागेसाठी प्रोफेसरांना मेल करायचाय. मी असा लिहिलाय (देवनागरीत टाकतेय): ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड रिसर्च अँड आय ॲम हार्डवर्किंग अँड पंक्चुअल.’ बरोबर आहे का? भीती वाटतेय.

तिरपा_डोळा, गुरु. रात्री १०:३१

पंक्चुअल काढा. गणितात कुणी पंक्चुअल नसतं, संशय येईल.

बार्शीलाईट, शुक्र. सकाळी १०:००

घाबरू नकोस गं, माझा पहिला मेल याहून भयंकर होता, मी त्यात दहावीचे टक्के लिहिले होते. पण असे मेल त्यांना दिवसाला पंधरा येतात आणि पंधराही सारखेच असतात. एस्टीम्ड उडव. त्यांचा एक पेपर उघड, सगळा कळणार नाही, कळायची गरजही नाही, पण त्यातलं एक उदाहरण स्वतः करून बघ आणि काय दिसलं ते चार ओळींत लिही. कुठला विषय आहे त्यांचा?

वाशिष्ठी, शुक्र. दुपारी ४:४०

लिनियर सिस्टीम, इल-कंडिशन्ड (थोड्या फरकाने उत्तर फार हलतं ते) वगैरे. मी हिल्बर्ट मॅट्रिक्स करून बघू का? आमच्या पुस्तकात एका ओळीत आहे तो.

बार्शीलाईट, शुक्र. संध्या. ५:०५

उत्तम! सायलॅब टाक. उत्तर सगळं एक-एक-एक येईल अशी समीकरणाची उजवी बाजू तयार कर आणि साइज वाढवत ने.

वाशिष्ठी, शनि. रात्री १२:५०

ताई हे काय आहे?? पाच बाय पाचला बरोबर येतं. दहाला सगळे एक दिसतात पण चौथ्या-पाचव्या दशांशाला हलायला लागतात. बाराला एकाच्या जागी ०.८ आणि १.२ असलं काहीतरी यायला लागलं, तेराला तर विचारूच नका. मला वाटलं माझाच प्रोग्रॅम चुकला, दोनदा नव्याने लिहिला. मग ते उत्तर परत समीकरणात घालून बघितलं तर दोन्ही बाजू जुळतायत, पंधरा-सोळा अंकांपर्यंत! चुकीचं उत्तर घालूनही समीकरण बरोबर कसं येतं?

बार्शीलाईट, शनि. सकाळी ९:३०

शाब्बास, आता तू विषयात आलीस. प्रोग्रॅम चुकलेला नाही. दहाच्या हिल्बर्ट मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर, म्हणजे बारीक चूक किती पट फुगू शकते तो आकडा, १.६ गुणिले दहाचा तेरावा घात आहे, तुझ्याकडे सोळा अंक, त्यातले तेरा हा मॅट्रिक्स खाऊ शकतो. बाराला तो नंबर दहाच्या सोळाव्या घाताच्या पुढे जातो, मग उरलं काय? समीकरण जुळतं कारण पद्धत गुणी आहे, तिने तुझ्या प्रश्नाच्या अगदी शेजारच्या प्रश्नाचं उत्तर अचूक दिलंय. पण इथे शेजारच्या प्रश्नाचं उत्तर लांबच्या गावी राहतं. विल्किन्सनने हीच दृष्टी दिली, त्याला १९७० ला ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

निवृत्त_रोखपाल, शनि. सकाळी ११:१५

हे मात्र मला पूर्ण कळलं! अहो, आम्ही हेच सांगायचो नवीन पोरांना. टॅली लागली म्हणजे नोंदी बरोबर असं नाही. रामरावांचे पाचशे श्यामरावांच्या खात्यात टाका, टॅली लागणार. जमा-नावे दोन्ही बाजू जुळतात. आणि रामराव सोमवारी काउंटरवर उभे. टॅली न लागणारी चूक परवडली, त्या संध्याकाळी सापडते तरी. लागणारी चूक वर्षभर झोपून राहते.

घाटावरचा, शनि. सकाळी ११:४०

काका _/\_ हे मी आमच्या टीमच्या ग्रुपवर टाकतोय.

बार्शीलाईट, शनि. दुपारी १२:१०

@वाशिष्ठी मेलमध्ये तुझे बारा बाय बाराचे आकडे टाक, दोन्ही बाजू जुळूनही उत्तर चुकतं हे तुला स्वतःला दिसलं ते लिही, आणि मग काकांची रामराव-श्यामरावांची उपमा दे. तीनच परिच्छेद. हार्डवर्किंग पण काढ, ते रात्री पाऊणला प्रोग्रॅम चालवलास त्यात आलं.

वाशिष्ठी, रवि. रात्री ९:०५

पाठवला!! हात थंड पडलेत. काका, उपमा तुमची म्हणून लिहायला पाहिजे ना, नाव काय लिहू?

निवृत्त_रोखपाल, सोम. सकाळी ६:०५

नाव नको. ‘एक रोखपाल’ लिहिलं असतंत तरी चाललं असतं. आणि बाळ, त्या ०.८ आणि १.२ ची बेरीज करून बघितलीस का, सगळ्या बारा आकड्यांची? मी कागदावर करणार होतो पण तू फक्त दोनच दिलेस. बाकीचे दहा टाक.